राजाच्या हातात लेखणी

ऑल्डहिथ
९ ऑक्टोबर २०१४

सेसिली,

अभिनंदन. हा शब्द पहिल्याच ओळीत टाकून मी मोकळी होते, म्हणजे पुढे तो पुन्हा लिहावा लागणार नाही.

काल संध्याकाळी निकाल जाहीर झाला. पुढच्या जूनमध्ये मॅग्ना कार्टाला, जॉन राजाच्या त्या सनदेला, आठशे वर्षं होतील, म्हणून आमचं गाव स्वतःचं स्मारक नाणं पाडणार आणि गावातल्या अकराशे शाळकरी मुलांच्या हातावर एकेक ठेवणार, हे मीच तुला एप्रिलमध्ये कळवलं होतं. स्पर्धेचं पत्रकही मीच पाठवलं. का, तर आमच्या समितीचे कर्नल ब्लेमायर आपल्या नावापुढे केवढी शेपटी लावतात ते पाहून तू हसशील म्हणून. हसलीस की नाही ठाऊक नाही. चित्र मात्र पाठवलंस, आणि मला कळवलं नाहीस.

चित्रांवर नावं नव्हती, फक्त क्रमांक होते. नावांची पाकिटं वेगळी, बंद. कर्नलनी एक पाकीट फोडलं, चष्मा पुसला आणि वाचलं, "मिसेस सेसिली मार्चबँक, पोर्थनेल, कॉर्नवॉल." समितीच्या चिटणीस मिसेस टफनेल माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मला कोपराने ढोसलं. "अगबाई! या तुमच्या मावसबहीण ना? केवढा आनंद झाला असेल तुम्हाला!"

मी म्हटलं, "विचारू नका."

छत्तीस वर्षं मी या गावात इतिहास शिकवला. जॉन राजाला सरदारांनी ज्या कुरणावर आणून नमवलं ते माझ्या न्हाणीघराच्या खिडकीतून दिसतं. तू त्या कुरणावर एकदाच आलीस, १९७१ साली, आणि "इथे डास फार आहेत" म्हणून मोटारीत जाऊन बसलीस.

मला मे महिना आठवला. तुलाही आठवत असेल. शाळेत मरियामातेच्या मूर्तीला फुलांचा मुकुट घालायचा मान एकाच मुलीला मिळायचा. तो मुकुट मी तीन दिवस बसून गुंफला. हाताला तारा टोचल्या. आणि घातला कोणी? तू. का, तर तुझे केस कुरळे होते. सिस्टर इग्नेशियांनी मला बोलावून सांगितलं, "अर्सुला, देव पाहतो." देव पाहत असेल. फोटोत मात्र तू आहेस.

जाऊ दे. मीही एक चित्र दिलं होतं. सात नंबर. त्याचा उल्लेखही झाला नाही, पाकीटही फोडलं नाही.

आता गावभर जिची ओळख तुझी मावसबहीण अशीच झाली आहे ती,
अर्सुला

*

पोर्थनेल
२० ऑक्टोबर

अगं उर्सी,

तुझं पत्र उघडलं आणि बोट कापलं. कागदाने नव्हे, मजकुराने.

ते बक्षीस मला मिळेल असं स्वप्नातही नव्हतं. जेराल्ड गेल्यापासून संध्याकाळी हातांना काम नसतं. विणकाम मला जमत नाही, ब्रिज खेळणाऱ्या बायका मला सहन होत नाहीत. तुझं पत्रक टेबलावर पडलं होतं, पेन्सिल जवळ होती. इतकंच. मला तर वाटलं होतं तूच परीक्षक असशील आणि माझं चित्र पाहून "ही बाई कोण? हिला नापास करा" म्हणशील.

मुकुटाचं बोलशील तर साठ वर्षं होत आली, बाई. कुरळे केस केव्हाच गेले, आता टोपी घालते. आणि त्या मुकुटातल्या एका तारेने माझंही बोट फाडलं होतं, हे तुला कोणी सांगितलं नसेल. रक्त गाळत मी शिडी उतरले आणि हसत राहिले. तुझी तार होती ती.

सात नंबरमध्ये तू काय काढलं होतंस? कळव ना.

जूनमध्ये मी येणार म्हणजे तुझ्याकडेच उतरणार. पाहुण्यांच्या पलंगाची ती गादी बदल. मागच्या वेळी स्प्रिंग पाठीत घुसली होती.

तुझी,
सिस

*

(हे पत्र पाठवलेलं नाही.)

ऑल्डहिथ
१४ नोव्हेंबर

सेसिली,

हे मी टपालपेटीत टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते.

आज सकाळी कर्नल ब्लेमायर तुझं चित्र घेऊन आले. साचा कोरायला देण्याआधी इतिहासाच्या दृष्टीने मी पाहून द्यावं म्हणाले. आल्याची चार बिस्किटं खाल्ली. मी चित्र खिडकीशी नेलं.

तंबू छान. नदी छान. सरदारांच्या चेहऱ्यांवरचा राग तर इतका खरा की मला तुझा हेवा वाटला, आणि तो मी मान्य करते कारण हे कोणी वाचणार नाही. मधोमध राजा. आणि राजाच्या हातात पिसाची लेखणी! सनदेवर सही करतोय!

मला हसू आवरेना. खोकला आल्याचं सोंग केलं.

अगं, त्या राजाने सही केली नाही, केलीच नाही! तेव्हा राजे सही करत नसत. मेण तापवून मोठा शिक्का लावायचे, आणि तोही राजा नव्हे, त्याचा माणूस लावायचा. "राजाने सही केली" असं लिहिणाऱ्या मुलीच्या बोटांवर सिस्टर इग्नेशिया पट्टी मारायच्या. तुला दोनदा मारली होती. तरी तू विसरलीस. तू आयुष्यभर सगळं विसरत आलीस, आणि आयुष्यभर तुला मुकुट मिळत गेले.

कर्नलनी विचारलं, "मग? सगळं बरोबर ना, मिस पेनॉक?"

मी त्यांच्या कागदावर लिहिलं: "हरकत नाही. अ. पेनॉक."

जूनमध्ये लंडनहून शहाणी माणसं येतील, वर्तमानपत्रवाले येतील. कोणीतरी नाणं डोळ्यांशी नेईल आणि विचारेल, हे चित्र कोणी काढलं? तेव्हा तू मंचावर असशील. मी पहिल्या रांगेत असेन. बस्स, एवढंच मला पाहायचं आहे.

अ.

*

ऑल्डहिथ
१४ नोव्हेंबर

प्रिय सेसिली,

तुझं चित्र पाहिलं. फारच सुंदर आहे. राजाची दाढी विशेष आवडली. मी संमती दिली आहे.

गादी बदलते.

अर्सुला

*

पोर्थनेल
२ डिसेंबर

प्रिय उर्सी,

तुझं पत्र चारदा वाचलं. "फारच सुंदर." तू? मला?

बरी आहेस ना? खरं सांग. चित्र उजेडात पाहिलंस ना? चष्म्याचा नंबर कधी काढलास? तो कुरणावरचा दिवस कुठल्या वारी होता गं, १२१५ साली? सहज विचारते.

आमच्या शेजारच्या लव्हडे बोलिथोची गंमत सांगते. फार हुशार बाई, चाळीस वर्षं टपाल कचेरी चालवली. गेल्या महिन्यात माझ्याकडे आली आणि गोड गोड बोलायला लागली. मला म्हणाली, "तुझी बाग किती छान!" माझ्या बागेत दगडांशिवाय काही नाही. तिच्या तोंडून कधी कोणाबद्दल चांगला शब्द निघाला नव्हता, तेव्हाच आम्हाला शंका आली. पुढे आठवड्याभरात ती जोडे शेगडीत ठेवायला लागली.

तू गॅस बंद करतेस ना आठवणीने?

सोबत केशराचे पाव पाठवते आहे. पोचले की लगेच लिही. विसरू नकोस.

सिस

*

ऑल्डहिथ
११ डिसेंबर

सेसिली,

सोमवार. १५ जून १२१५, सोमवार. योगायोगाने येत्या वर्षीही सोमवारच आहे. आणखी विचार. कलमं त्रेसष्ट. सरदारांनी देखरेखीला नेमलेली माणसं पंचवीस, त्यांतल्या बावीस जणांची नावं मी आत्ता भांडी घासता घासता म्हणून पाहिली. बाकी तीन मला पूर्वीही येत नव्हती. गॅस बंद आहे. जोडे पायात आहेत. चष्म्याचा नंबर ऑगस्टमध्ये काढला.

तू माझी परीक्षा घेतेस? तू? जी इतिहासाच्या पेपरात माझ्या खांद्यावरून पाहायची? बक्षीस काय मिळालं, बाईंना आता सगळं जग नापास दिसायला लागलं! मी चार चांगले शब्द लिहिले तर तू मला त्या जोडे भाजणाऱ्या बाईच्या रांगेत बसवलंस. ठीक आहे. पुन्हा चांगले शब्द लिहिणार नाही.

पाव कोरडे होते. दुधात बुडवून खाल्ले.

अर्सुला

*

पोर्थनेल
६ फेब्रुवारी २०१५

माझ्या उर्सी,

हे पत्र नाताळापासून लिहिते आहे आणि फाडते आहे. आता लिहिलंच पाहिजे, कारण नाण्याचा साचा कोरून झाला.

राजाच्या हातात लेखणी आहे, उर्सी. तुला ती दिसली नाही.

मला सिस्टर इग्नेशियांची पट्टी पक्की आठवते. माझ्या पहिल्या चित्रात राजा रिकाम्या हाताने बसला होता आणि बाजूला त्याचा माणूस मेणावर शिक्का दाबत होता. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी कर्नलचा फोन आला. म्हणाले, "बाईसाहेब, शिक्का बिक्का मुलांना काय कळणार? द्या ना राजाच्या हातात लेखणी, म्हणजे पाहताक्षणी समजेल." मी म्हटलं, ते चूक आहे. ते म्हणाले, "सगळ्या कॅलेंडरांवर तसंच असतं." मग मी म्हटलं, देते, पण एका अटीवर. अर्सुला पेनॉकला दाखवा. ती हो म्हणाली तर माझी ना नाही. मला खात्री होती, तू त्यांची मानगूट धरशील आणि चहा न देता हाकलशील.

आणि उत्तर आलं, हरकत नाही.

त्या दिवशी मी खूप रडले. जुनं सगळं तुला लख्ख आठवतं, वारसुद्धा. डॉक्टर सांगतात, यात असंच होतं, जुनं राहतं आणि डोळ्यांसमोरचं निसटतं. कर्नलशी मी फोनवर हळूच बोलले. तेही म्हणाले, "आमच्याही लक्षात येत होतं. त्या दिवशी चित्र पाहता पाहता त्यांना एकाएकी खोकल्याची उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं."

प्रत्येक नाण्याबरोबर एक कार्ड द्यायचं आहे. त्याचा नमुना सोबत आहे. माझ्या नावाखाली "इतिहास तपासणी: मिस अर्सुला पेनॉक" असं आहे. हे मीच ऑक्टोबरमध्ये त्यांना घालायला लावलं होतं, तुझा मान म्हणून. आता काढायला सांगितलं आहे. कोणी विचारलंच तर आपण म्हणू, वय झालंय. कोणी तुला दोष देणार नाही.

खालची खोली रिकामी आहे. समुद्र दिसतो. ये.

तुझी,
सिस

*

ऑल्डहिथ
९ फेब्रुवारी

सेसिली,

सोबतचं पत्र १४ नोव्हेंबरचं आहे. न पाठवलेलं. हे वाचण्याआधी ते वाच.

वाचलंस? मला लेखणी दिसली होती. पहिल्या क्षणी दिसली. माझं डोकं ठिकाणावर आहे, सेसिली, ते कधी नव्हतं इतकं ठिकाणावर होतं. तुझं हसं व्हावं म्हणून मी गप्प राहिले. तो खोकला नव्हता, हसू होतं.

तुझं पत्र आलं आणि मी दोन दिवस बसून राहिले. गप्प बसायला किती सोपं होतं! सगळ्यांनी मिळून मला मऊ उशी दिली होती: वय झालंय. मी त्या उशीवर डोकं टेकलं असतं तर जूनमध्ये लोक मला हाताला धरून खुर्चीत बसवणार, माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलणार. ते मला सहन होणार नाही. मी दुष्ट आहे. खुळी नाही.

आज सकाळी समितीच्या कचेरीत गेले आणि उभ्याउभ्या सांगितलं, "कर्नल, राजाच्या हातात लेखणी आहे, ते चूक आहे, मला ते नोव्हेंबरात दिसलं होतं आणि मी मुद्दाम सांगितलं नाही."

कर्नल उठले. "बसा, मिस पेनॉक. बसा हं."

"मला बसायचं नाही. मी मत्सरापोटी केलं."

"हो, हो. होतं असं." मग दाराकडे तोंड करून, "मिसेस टफनेल, जरा साखर घालून चहा आणता का?"

"मी साखर घेत नाही!"

मिसेस टफनेलनी माझा हात हातात घेतला. "कोणाचा मत्सर, बाई?"

"सेसिलीचा!"

"पण त्या तर तुमच्या बहीण ना? आठवतंय ना?"

सेसिली, मी इतकं खरं आयुष्यात कधी बोलले नव्हते, आणि एकालाही पटलं नाही. फादर कॉनरीसमोर पापनिवेदनातसुद्धा हेच झालं. ते जाळीपलीकडून म्हणाले, "बाळ, एवढं मनाला लावून घेऊ नकोस." मला क्षमा नको आहे. एका माणसाने तरी मानायला हवं की हे मी केलं. तू मला शाळेपासून ओळखतेस. तू तरी मान.

अर्सुला

*

पोर्थनेल
३० मार्च

अर्सुला,

मानलं.

सात आठवडे लागले. पहिला आठवडा आनंदात गेला: तू शाबूत आहेस, माझी उर्सी शाबूत आहे! दुसऱ्या आठवड्यात तुझं ते पत्र पुन्हा वाचलं, "पहिल्या रांगेत असेन" पर्यंत आले आणि हातातली बशी आपटली. फुटली. जेराल्डच्या आईची होती, त्यामुळे फार वाईट वाटलं नाही. पण मी रागावले आहे, आणि हा राग लवकर जाणार नाही, हे तुला ठाऊक असू दे.

बाकीचे आठवडे का लागले ते सांगते. कारण तू खरं लिहिलंस, आणि मी लिहिलेलं पुरतं खरं नव्हतं.

कर्नलनी निकालाच्या दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा आणखी एक वाक्य बोलले होते. म्हणाले, "आपल्याला जमत नसेल तर हरकत नाही, दुसऱ्या क्रमांकाचं चित्र आहेच. सात नंबरचं. त्यात राजाच नाही. नुसते दोन हात आणि शिक्का. जरा रुक्ष आहे, पण समितीतल्या निम्म्या लोकांना तेच आवडलंय."

पाकीट त्यांनी फोडलं नव्हतं. मला फोडायची गरज नव्हती. राजाच्या सनदेच्या चित्रातून राजालाच बाहेर काढणारी बाई अख्ख्या इंग्लंडमध्ये एकच आहे.

मी "उद्या सांगते" म्हणू शकले असते. शिक्का राहू द्या, नाहीतर सात नंबर घ्या, असं म्हणू शकले असते. मी त्याच दुपारी राजाच्या हातात लेखणी रेखाटली. टपालाची गाडी चुकेल म्हणून कोट न घालता धावले. "अर्सुलाला दाखवा" ही अट घातली ती तुझ्या मानासाठी नव्हे. तू अडवलंस तर ते तुझ्यामुळे अडेल, माझ्यामुळे नाही, म्हणून. आणि त्यानंतर तुलाच विचारलं, सात नंबरमध्ये काय काढलं होतंस म्हणून! काय म्हणावं मला?

का केलं, विचारशील. छत्तीस वर्षं तुझी पत्रं यायची: अमकीला इतिहासात पहिला वर्ग मिळाला, तमकी वकील झाली, रस्त्यात भेटली तर गळ्यात पडली. मी ती जेराल्डच्या बदलीच्या नव्या गावी, न उघडलेल्या खोक्यांवर बसून वाचायचे. माझ्या कुठल्याच गावात रस्त्यात कोणी माझ्या गळ्यात पडलं नाही. तुझ्या गावातली अकराशे मुलं, उर्सी. ती मला हवी होती. एका दिवसापुरती.

साचा आता बदलणार नाही. मी विचारलं. मी येऊ की नको, ते तू ठरव.

सेसिली

*

ऑल्डहिथ
३ एप्रिल, गुड फ्रायडे

सेसिली,

आज उपास आहे, पोटात काही नाही, त्यामुळे डोकं स्वच्छ आहे आणि स्वभाव नेहमीपेक्षा वाईट.

दुसरा क्रमांक! ऑक्टोबरपासून तुला हे ठाऊक होतं! माझं चित्र कचऱ्यात गेलं असं समजून मी अख्खा हिवाळा त्या कर्नलला चहा पाजला, आणि तू तिकडे समुद्राकाठी हे पदराखाली घेऊन बसली होतीस! समितीतल्या निम्म्या लोकांना आवडलं! कुठले निम्मे? मला नावं हवीत. मिसेस टफनेल त्यांत असतील तर त्यांच्याशी मला वेगळं वागावं लागेल.

मी केलं ते वाईट होतं. तू केलंस ते जास्त वाईट होतं. हे मी वजन करून सांगते आहे. मी फक्त गप्प राहिले, तू धावलीस. कोट न घालता.

दुपारी चर्चमधून आल्यावर मी शांतपणे विचार केला. आपल्या दोघींच्या आगीत अकराशे मुलं चुकीचं नाणं घरी नेणार. त्यांची नातवंडं ते कपाटातून काढतील आणि म्हणतील, राजाने सही केली. मी मेल्यावरही ते थांबवता येणार नाही. म्हणून जे ठरवलं ते कळवते.

कार्डावर माझं नाव राहील. मी कर्नलला तसं लिहून दिलं आहे. जे मी पाहिलं आणि सांगितलं नाही त्याखाली माझंच नाव हवं. लोकांना वाटू दे काय वाटायचं ते.

कार्डाची मागची बाजू कोरी आहे. सात नंबरचं चित्र मी स्टेशनजवळच्या किल्ल्या करणाऱ्याला दिलं आहे. तो पितळेचा शिक्का कोरून देतो म्हणाला. नाणी वाटायच्या दिवशी मी कुरणावर टेबल मांडून बसेन, मेण तापवेन, आणि प्रत्येक मुलाच्या कार्डाच्या पाठीवर स्वतःच्या हाताने शिक्का मारेन. अकराशे. मनगट सुजलं तर सुजलं. मूल विचारेल, मिस, नाण्यावर तर राजा लिहितोय? मी सांगेन, ते चूक आहे, ते माझ्या बहिणीने काढलं आणि मी चालू दिलं, आणि खरं काय ते हे बघ, अजून गरम आहे, बोट लावू नकोस.

तू ये. दोन दिवस आधी ये. मेण हलवायला कोणीतरी लागेलच, आणि तुला अकराशे मुलं हवी होती ना, तर त्यातली रडणारी आणि बोट भाजून घेणारी तू सांभाळ.

मात्र रांग आधी माझ्या टेबलाशी येईल. तुझं टेबल, रडणाऱ्यांचं, माझ्यानंतर. यावर पत्रव्यवहार होणार नाही.

अर्सुला